पुंगी नव्हतीच तिथे : केरसी लॉर्ड आणि स्टुडिओतले की-बोर्डवाले

(कासू येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची वळणं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)

आवाज मागे पोचतोय ना? बरं.

विषय जरा आडवळणाचा आहे, म्हणून ओळखीच्या जागेपासून निघू. आपल्या पेण-रोहा पट्ट्यात हळद म्हटली की बेंजो पार्टी आलीच. कासू असो, गडब असो, आमटेम असो. रात्री साडेदहा-अकराला एक वेळ अशी येते की की-बोर्डवाला नागिणीची धून सुरू करतो. लगेच एकजण रुमालाचं टोक दातात धरून पुंगीवाला होतो आणि दुसरा मांडवातच जमिनीवर लोळायला लागतो. (हशा) हसू नका, त्या लोळणाऱ्यांतले निम्मे आज इथे बसलेत.

ही धून १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली. संगीतकार हेमंतकुमार. आपला समज असा असतो की मूळ गाण्यात कुणा गारुड्याची खरी पुंगी वाजली आणि आपला की-बोर्डवाला तिची नक्कल करतो. तर मूळ गाण्यात पुंगी नव्हतीच. तिथे क्लाव्हायोलिन नावाचं छोटं विजेवरचं वाद्य होतं. ते वाजवलं कल्याणजी वीरजी शहा यांनी, आणि सोबत हार्मोनियमवर होते रवी. दोघेही पुढे मोठे संगीतकार झाले, पण त्या दिवशी ते हेमंतकुमारांचे मदतनीस आणि वादक होते. म्हणजे आपला बेंजो पार्टीतला मुलगा पुंगीची नक्कल करत नाही. तो एका की-बोर्डवाल्याचं काम दुसऱ्या की-बोर्डवर पुढे चालवतो आहे. सत्तर वर्षांची परंपरा आहे ती, आणि त्या परंपरेतलं एकही नाव त्याला माहीत नाही. तो त्याचा दोष नव्हे. ते नाव कुठे लिहिलेलंच नव्हतं.

क्लाव्हायोलिनबद्दल दोन शब्द सांगतो. कॉन्स्तां मार्तां नावाच्या फ्रेंच माणसाने १९४७ साली ते बनवलं. आत व्हॉल्व्ह, सोबत स्वतःचा स्पीकर, आणि आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायची दांडी. पियानोला खालून अडकवायचं, एवढासा कळफलक. एका वेळी एकच सूर वाजतो, दोन कळा दाबल्या तरी एकच. विलायतेत टॉर्नेडोज नावाच्या मंडळींनी १९६२ साली ‘टेलस्टार’ ही धून गाजवली, तिच्यातला अवकाशयानासारखा वाटणारा सूर याच वाद्याचा. त्यांना त्यात उपग्रह ऐकू आला, आपल्याला साप. वाद्य तेच. मग साप आला कुठून? तो बोटांतून आला. पुंगीची धून नाकातून आल्यासारखी चिकट असते, सूर सुटा पडत नाही, वर जाताना बारीक हेलकावे खाते. हे सगळं कळेवर आणायचं म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाला फसवायचं. कळेवर मींड येत नाही. याच कारणासाठी तर आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवलं होतं. आणि गंमत बघा, त्या बंदीच्या मधोमध एका कळवाद्याने अख्ख्या देशाला पुंगी ऐकवली आणि कुणाला संशयही आला नाही.

आता मुख्य माणसाकडे येतो. केरसी लॉर्ड हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. तीन. त्यातले एक आपले माइकवाले, त्यांना मी मगाशीच सांगितलं होतं. (हशा) ‘रूप तेरा मस्ताना’ किती जणांनी ऐकलंय? बघा, हात मोजायची गरजच नाही.

त्या गाण्यातलं अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. चित्रपट ‘आराधना’, १९६९, संगीत सचिनदेव बर्मन, गायक किशोरकुमार, गीतकार आनंद बक्षी. एवढी नावं आपल्याला तोंडपाठ असतात, कारण रेडिओवर तीच सांगायची रीत. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. पाचवं नाव कधी आलं नाही.

केरसी १९३५ चे, मुंबईतल्या पारशी घरातले. २०१६ च्या ऑक्टोबरात गेले. वडील कावस लॉर्ड हे तालवादक. बोंगो, कोंगा ही लॅटिन अमेरिकेकडची तालवाद्यं हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात ज्यांनी बसवली त्यांत कावसजींचं नाव पहिल्या रांगेत. धाकटे भाऊ बुर्जोर, सगळे बुज्जी म्हणत, ते ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवत. म्हणजे एका घरात तीन तालवादक. केरसी मिसरूड फुटायच्या वयात स्टुडिओत आले, तेही तालवाद्यांवरच. हे लक्षात ठेवा, माझा पुढचा सगळा मुद्दा यावर उभा आहे.

स्टुडिओ म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं, नाहीतर या माणसाची कामगिरी कळणार नाही. ताडदेवला फिल्म सेंटर, वांद्र्याला मेहबूब. सकाळची शिफ्ट. पन्नास-साठ वादक. संगीतकार चाल देतो, पण ती साठ माणसांनी कशी वाजवायची हे कागदावर उतरवतो अरेंजर, आणि त्या काळी तो बहुतेक वेळा गोव्याचा. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, ही मंडळी. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. ते शिक्षण इथे मुंबईत पोटाला लागलं. संगीतकाराने गुणगुणलेली ओळ पाच रेघांवर चढवणारा माणूस नसता तर शंकर-जयकिशनचा तो भरगच्च वाद्यमेळ झालाच नसता. मग रिहर्सल, मग टेक. सगळे एकदम वाजवणार, गायक त्याच वेळी गाणार. तुकड्या-तुकड्यांत जोडायची सोय नंतरची. एकोणसाठ जणांनी चोख वाजवलं आणि साठावा चुकला की पहिल्यापासून. संध्याकाळी पैसे शिफ्टच्या हिशोबाने, वादकाच्या दर्जाप्रमाणे. सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही संघटना दर ठरवण्यासाठी भांडायची आणि तिने पुष्कळ मिळवलंही. पण दर ठरला तो वेळेचा. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी वादकाचा हिशोब त्याच संध्याकाळी मिटलेला.

ही पद्धत वाईटच होती असं मी म्हणत नाही. या रोखीवर गोव्यातली, पारशी कॉलन्यांतली, पुण्यातली शेकडो घरं चालली. वादकांना मी कधी दीनवाणे रंगवणार नाही. त्यांच्यातले वरच्या दर्जाचे लोक दिवसाला दोन-दोन शिफ्ट करत, आणि त्यांच्या तारखा मिळाव्यात म्हणून संगीतकार थांबत. केरसी त्यातले.

१९६१ चा ‘हम दोनो’. संगीतकार जयदेव. देव आनंद धुराची वलयं सोडत ‘मैं ज़िंदगी का साथ’ गातो. त्यात एक बारीक किणकिण ऐकू येते, ती ग्लॉकेनस्पीलची. वाजवणारे केरसी लॉर्ड. ग्लॉकेनस्पील म्हणजे पोलादी पट्ट्या पियानोच्या कळांसारख्या मांडलेल्या आणि वर छोट्या हातोड्यांनी वाजवायच्या. मांडणी कळफलकाची, वाजवणं तालवाद्याचं. तालवादकाच्या घरातला मुलगा कळफलकावर या दाराने आला. आता ते गाणं डोळे मिटून ऐका. आयुष्याची काळजी धुरात उडवणारा माणूस, आणि त्याच्या बाजूला काचेवर नख वाजवल्यासारखे हे सूर. व्हायोलिनं घातली असती तर गाणं लगेच हळवं झालं असतं. पोलादाचा सूर वाजला की संपतो, रेंगाळत नाही, कुणाची समजूत काढत नाही. शब्दांत जो बेफिकीरपणा आहे तो या वाद्याने स्वभाव म्हणून उचलला. वाद्य कुणी निवडलं, जयदेवांनी की अरेंजरने, तो वेगळा विषय. पण त्या पट्ट्यांवर किती हलकं मारायचं हे हातोडी धरणाऱ्याच्या मनगटाने ठरवलं.

आता अकॉर्डियन. आपल्या पेटीचा नातेवाईक. दोघांतही हवा धातूच्या पात्यांवरून जाते. फरक भात्याचा. आपल्या पेटीत एक हात भात्याला बांधलेला, म्हणून वाजवायला एकच हात. संगीत नाटकातल्या पायपेटीत भाता पायाकडे गेला, दोन्ही हात मोकळे झाले. अकॉर्डियनमध्ये भाता छातीवर आहे, दोन्ही हात वाजवतात आणि वाजवता वाजवता डावा हात भाताही ओढतो-दाबतो. त्यामुळे सूर आत-बाहेर होतो, माणसाच्या श्वासासारखा. पेटीमास्तरांना विचारा, भात्याचा हात ज्याचा सांभाळलेला तो खरा पेटीवाला. अकॉर्डियनला हे दुप्पट लागू.

मुंबईत अकॉर्डियनचं घराणंच होतं म्हणा ना. गुडी सिरवई होते. व्ही. बालसारा होते, तेही पारशी, मुंबईत सुरुवात करून १९५४ साली कलकत्त्याला गेले आणि तिथलेच झाले. पुण्याचे एनॉक डॅनियल्स. आणि आपले अरुण पौडवाल, सचिनदेव बर्मन यांच्याकडे वाजवणारे आणि सहायक; पुढे अनिल मोहिलेंबरोबर ‘अनिल-अरुण’ या जोडनावाने १९७९ चा ‘अष्टविनायक’ त्यांनी केला. इथून नागोठण्यावरून पालीला जाणाऱ्या प्रत्येक सहलीच्या गाडीत ती गाणी लागतात, आणि ती बांधणारा एक जण मुळात अकॉर्डियनवाला होता हे कुणाच्या ध्यानात नसतं.

या सगळ्यांत केरसींचं वेगळेपण काय? माझं मत सांगतो, तुम्ही घरी जाऊन गाणं लावून तपासा. अकॉर्डियनवाल्याची नैसर्गिक ओढ लांब सुराकडे असते. भाता मोठा आहे, हवा भरपूर आहे, मग सूर धरा, वळवा, नटवा. ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये अकॉर्डियन तसं वागत नाही. सूर तोडलेले आहेत. भात्याला छोटे हिसके आहेत. मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन जिथे ओघळत जातो तिथे अकॉर्डियन मध्येच टोचतं आणि मागे होतं. पडद्यावर खोलीभर दोघे एकमेकांभोवती फिरताहेत, सगळं गाणं एकाच सलग शॉटमध्ये घेतलंय, कॅमेरा थांबत नाही. मग थांबायचं कुणी? ते थांबणं अकॉर्डियनने केलं. दम लागलेल्या माणसाचा श्वास जसा तुटतो तसा तो भाता तुटतो. हे तालवादकाचं अकॉर्डियन आहे. बोंगोवर थाप द्यावी तसे सूर दिलेत. कावस लॉर्ड यांच्या घरात वाढलेल्या मुलालाच हे सुचावं.

आणि हे लिहून देता येत नाही. अरेंजर कागदावर सूर लिहील, लांबी लिहील. हिसका किती, भाता कुठे अडवायचा, हे कागदावर मावत नाही. म्हणून ‘वादक काय, लिहिलेलं वाजवतो’ असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं भांडण आहे.

थोडं पुढे जाऊ. १९७१, ‘हरे रामा हरे कृष्णा’, ‘दम मारो दम’. त्यातला तो धुंद, जरा किरकिरा की-बोर्डचा आवाज ट्रान्झिकॉर्डचा. फारफिसा या इटलीच्या कंपनीचं, दिसायला अकॉर्डियन आणि आत इलेक्ट्रॉनिक. वाजवलं चरणजित सिंग यांनी. हेही स्टुडिओतले, गिटारही वाजवायचे. यांच्याकडे मी परत येणार आहे.

मग १९७३ च्या सुमाराला केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर आणला. मुंबईच्या स्टुडिओतला पहिला म्हणतात तो हाच. परदेशी यंत्र, त्या काळचं आयातीचं लफडं, किंमत. आणि घेतलं कुणी? कुठल्या कंपनीने नाही, स्टुडिओने नाही, एका वादकाने. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे नवं वाद्य नेहमी वादकाच्या खिशातून आलं. क्लाव्हायोलिन कल्याणजींचं, मूग केरसींचा. आजही बघा, बेंजो पार्टीचा की-बोर्ड मुलाच्या नावावर हप्त्याने घेतलेला असतो आणि सुपारी मात्र पार्टीच्या मालकाकडे येते. (हशा)

आता इथे टीकेचा खरा प्रश्न. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती साठ माणसांची शिफ्ट संपली. व्हायोलिनच्या रांगा घरी बसल्या. एका खोलीत एक मुलगा, एक की-बोर्ड, एक कॉम्प्युटर, आणि झालं गाणं. मग लोक सहज म्हणतात, ज्याने पहिला सिंथेसायझर आणला त्यानेच आपल्या भाऊबंदांच्या पोटावर पाय दिला. लॉर्ड कुटुंबावर रुद्रदीप भट्टाचार्जी यांचा ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा २०१२ चा माहितीपट आहे, मिळाला तर जरूर बघा. त्यात या माणसांचा रिकामा झालेला काळ दिसतो, आणि बघताना हा आरोप मनात येतोच.

मला तो पटत नाही, आणि कारण भावनेचं नाही, यंत्राचं आहे. त्या काळच्या मूगमधून, मी मिनीमूगसारख्या यंत्राबद्दल बोलतोय, एका वेळी एकच सूर निघतो. क्लाव्हायोलिनसारखाच. एका सुराच्या यंत्राने बारा व्हायोलिनवाले घरी कसे पाठवायचे? ते जमतच नाही. तो आवाज होताही इतका परका, की तो कशाच्या जागी बसत नसे, आणखी एक म्हणून बसायचा. सस्पेन्सचं दृश्य, वारा, भीती, स्वप्न, अशा जागी. पार्श्वसंगीतात त्याने भर घातली. वादक घरी बसवले ते नंतरच्या यंत्रांनी. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-सेव्हन आला, एकदम सोळा सूर. त्याच वर्षी मिडी आली, म्हणजे यंत्रं एकमेकांशी बोलायला लागली. मग सॅम्पलर आले, त्यात खऱ्या व्हायोलिनचाच आवाज भरून ठेवलेला. त्याच दशकात कॅसेटचा धंदा फोफावला, गाणी झटपट आणि स्वस्तात हवी झाली. वेगवेगळ्या ट्रॅकवर वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्डिंग करता येऊ लागलं, म्हणजे साठ माणसं एका सकाळी बोलवायची गरजच संपली. एवढी कारणं असताना एका पारशी गृहस्थाच्या एका सुराच्या यंत्रावर खापर फोडणं सोपं आहे, बरोबर नाही.

उलट मी असं म्हणेन की केरसी लॉर्ड यांच्या हातात सिंथेसायझर वाद्य राहिला. नंतरच्या पुष्कळांच्या हातात तो कपाट झाला, आत आयते आवाज ठेवलेलं. मूगमध्ये आयता आवाज नव्हता. बटणं फिरवून तो घडवायला लागायचा, आणि घडवणाऱ्याला ग्लॉकेनस्पीलचा, अकॉर्डियनचा, बोंगोचा कान असेल तर त्यातून काहीतरी निघायचं. आज की-बोर्डवर दोनशे पंचवीस नंबरला ‘अकॉर्डियन’ असं लिहिलेलं असतं. दाबा, वाजतं. भाता कुठाय? हवाच नाही त्यात. याचा अर्थ आजचा वादक कमी प्रतीचा असा कुणी काढू नका. त्याला जे दिलंय त्यात तो जीव ओततो, हळदीला ऐकतोच आपण.

चरणजित सिंगांकडे परत येतो म्हटलं होतं. त्यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, म्हणून सांगण्यासारखी. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची एक रेकॉर्ड काढली. दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. रोलँड कंपनीची तीन यंत्रं, एक ठेक्याचं, एक खर्जाच्या सुरांचं, एक मोठा सिंथेसायझर, आणि हा एकटा माणूस. भैरव, ललित, यमन. तेव्हा कुणी फिरकलं नाही. २०१० साली युरोपात ती पुन्हा निघाली, आणि तिकडचे ऐकणारे चाटच पडले. कारण खर्जाच्या त्याच यंत्रावर शिकागोच्या मुलांनी १९८७ च्या सुमाराला ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा नाचाचा प्रकार जगभर गाजवला, आणि हा मुंबईचा माणूस पाच वर्षं आधी जवळजवळ तेच वाजवून बसला होता. सत्तरीच्या घरात त्यांना परदेशात कार्यक्रम मिळाले. २०१५ साली ते गेले.

या रेकॉर्डचं कौतुक करताना जरा हात आखडता घ्यावा असं मला वाटतं. ‘हाउस संगीताचा जनक मुंबईत’ वगैरे मथळे आले, ते बढाईचे. शिकागोच्या त्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकली असण्याचा काही पुरावा नाही. खरी गोष्ट त्याहून जास्त चांगली आहे. रागाला एक आधारसूर लागतो, तानपुरा. त्यावर बढत होते. त्या यंत्रातही एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा फिरते. रागाची सवय असलेल्या माणसाला ते यंत्र लगेच आपलं वाटलं असणार. तिथे मला चरणजित सिंगांचं डोकं दिसतं. आणि हेही दिसतं, की आवरणावर स्वतःचं नाव यायला या माणसाला स्टुडिओच्या कामाबाहेर पडावं लागलं. एनॉक डॅनियल्स यांचंही तेच. सिनेमाच्या चाली नुसत्या अकॉर्डियनवर वाजवलेल्या त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या, त्यावर मोठ्या अक्षरात नाव. म्हणजे मूळ गाण्यात वाजवलं तर निनावी, त्याच चालीची प्रत वाजवली तर नाव. अजब न्याय.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, रायगड आणि रत्नागिरी मिळून जेवढं होईल त्यापेक्षाही लहान. तिथे किंग्स्टन शहरात स्टुडिओ वन नावाचा स्टुडिओ होता, आणि तिथे जॅकी मिट्टू नावाचा ऑर्गन वाजवणारा मुलगा. जन्म १९४८. पंधरा-सोळाव्या वर्षी तो स्कॅटलाइट्स या गाजलेल्या वाद्यवृंदाच्या स्थापनेत होता, विशीत स्टुडिओचं संगीत सांभाळत होता. मग कॅनडाला गेला, आणि १९९० साली बेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी वाजवलेल्या नुसत्या वाद्यांच्या पट्ट्या तिथे पुढे वर्षानुवर्षं नव्या गायकांनी वापरल्या. एकाच पट्टीवर कितीतरी गाणी. वादकाला मिळालं ते त्या दिवसाचं. केरसी लॉर्ड आणि जॅकी मिट्टू समोरासमोर बसले असते तर दुभाष्या लागला नसता.

आता कायदा. कंटाळू नका, दोनच मिनिटं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने वादक-गायकांना ‘कलाकार’ म्हणून हक्क आले. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना व्यावसायिक वापरातला वाटाही दिला. गायकांनी लगेच २०१३ साली आपली संस्था काढली आणि त्यामागे लागले. पण त्याच २०१२ च्या दुरुस्तीत व्याख्येला एक शेपूट जोडलंय. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं आहे, आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेच येत नाही, त्याला कलाकार धरायचं नाही. त्याला हक्क उरतो एवढाच, की त्याच्या कामाची मोडतोड करून बदनामी केली तर तक्रार करता येईल. ‘हे मी वाजवलंय’ असं नाव लावून घेण्याचा हक्क उरत नाही. नीट ऐका हं. नाव आलं नाही म्हणून कलाकार नाही, आणि कलाकार नाही म्हणून नाव मागता येत नाही. ‘रूप तेरा मस्ताना’मधलं अकॉर्डियन किरकोळ आहे का, यावर एखाद्या चांगल्या वकिलाने कोर्टात भांडावं असं मला फार वाटतं. ते काढून गाणं ऐकवावं न्यायाधीशांना.

समीक्षकही यातून सुटत नाहीत. आपण मराठीत गाण्यावर इतकं लिहितो. शब्दांवर लिहितो, चालीवर लिहितो, गायकाच्या गळ्यावर लिहितो. मधल्या म्युझिकवर, ज्याला आपण ‘पीस’ म्हणतो, त्यावर कितीसं लिहिलंय? मुंबईच्या या वादकांच्या मुलाखती घेऊन त्यांचा सविस्तर इतिहास ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात लिहिला ग्रेगरी बूथ यांनी, २००८ साली. हे गृहस्थ न्यूझीलंडच्या विद्यापीठातले. ताडदेवच्या स्टुडिओची हकिगत ऑकलंडहून आली.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही, याचा पुरावा संगीत नाटकात आहे. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, ही नावं आजही आजोबा सांगतात. गोविंदराव पटवर्धन पेटीवर आहेत म्हणून मैफलीला जाणारे लोक मी पाहिलेत. ते गुहागरकडचे, कोकणातलेच. साथ करता करता गाणाऱ्याच्या पुढची जागा आधीच ओळखायचे. त्यांना नाव मिळालं, कारण ते समोर बसलेले दिसायचे. स्टुडिओत दार बंद असायचं, एवढाच काय तो फरक.

संपवतो. प्रश्न असतील तर विचारा.

(एका श्रोत्याने विचारलं : आमच्या गावची बेंजो पार्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून लोक यूट्यूबवर टाकतात. वाजवणाऱ्या मुलाने काय करावं?)

चांगलं विचारलंत. पहिली गोष्ट, व्हिडिओखाली पार्टीचं नाव असतं, तिथे वाजवणाऱ्यांची नावंही लिहायला लावा. की-बोर्डवर कोण, ऑक्टापॅडवर कोण, कच्छी ढोलावर कोण. दोन ओळींचं काम आहे. दुसरी, स्वतःची रचना असेल तर तारीख घालून घरी रेकॉर्ड करून ठेवा. सिनेमाची चाल वाजवत असाल तर ती चाल तुमची नाही, हेही लक्षात असू द्या.

(दुसरा प्रश्न : भजनात पेटीऐवजी की-बोर्ड आणावा का? आमच्याकडे वाद चाललाय.)

बुवा कोण आहेत तुमचे? त्यांना चालत असेल तर मी कोण सांगणारा! (हशा) पण एक करून बघा. त्या की-बोर्डवाल्याला आधी चार महिने पेटीमास्तरांच्या शेजारी बसवा, भाता त्याच्या हातात द्या. मग की-बोर्ड आणा. तेवढ्यात लोकलची वेळ झाली का? दिवा गाडीवाल्यांनी निघावं, बाकीच्यांना चहा आहे.